बाहेर थांबायचं काम

वेंडेलकाकांनी आयुष्यातला पहिला चहा वयाच्या एकसष्टाव्या वर्षी आमच्या घरी घेतला, आणि त्यासाठी ते टाय बांधून आले.

टाय निळा होता. शर्ट पांढरा, कडक इस्त्रीचा. बाहेर ॲरिझोनातला नोव्हेंबर, म्हणजे हवा जरा माणसात आलेली. दुपारी चार वाजता आमच्या दाराची बेल वाजली आणि दारात हा सहा फूट दोन इंची माणूस हॅट छातीशी धरून उभा. मेधा, म्हणजे माझी बायको, घाबरलीच. तिला वाटलं कुणीतरी गेलं.

"मी चहासाठी आलोय," काका म्हणाले. "तू मंगळवारी म्हणाली होतीस."

मेधा मंगळवारी कुंपणापलीकडून "कधीतरी चहाला या" म्हणाली होती. आपण म्हणतो तसं. त्या वाक्यावर आजवर कुणी टाय बांधून आलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. पण कारण होतं, आणि ते सांगायचं तर मला आधी थोडं मागे जावं लागेल. घाबरू नका, फार मागे नेत नाही.

आम्ही २००१ च्या उन्हाळ्यात चँडलरला राहायला आलो. मी चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनीअर, आणि घर असं की मागच्या अंगणात एक ग्रेपफ्रूटचं झाड आणि छातीएवढी विटांची भिंत. भिंतीपलीकडे वेंडेलकाका. सामानाचा ट्रक उभा होता तेवढ्यात गल्लीतल्या तीन बायका एकामागून एक घरचा पाव, घरचा केक आणि घरचा जॅम घेऊन आल्या. इतक्या गोड बायका की मेधा म्हणाली, "काहीतरी गडबड आहे." मग चौथा माणूस आला. त्याच्या हातात हातोडा.

"तुझी टपालपेटी पडायला आलीय," असं म्हणून त्यांनी ती आधी ठोकून सरळ केली आणि मग नाव सांगितलं. पुढे म्हणाले, "त्या तिघी तुला रविवारी चर्चला बोलावतील. मॉर्मन आहेत. जाऊन ये, माणसं चांगली आहेत, केकही चांगला असतो."

"तुम्ही असाल ना तिथे?" मी विचारलं.

"नाही. मी साठ वर्षं गेलो. आता तुझी पाळी."

त्यांचं सगळं घराणं मॉर्मन, म्हणजे अमेरिकेतल्याच एका ख्रिस्ती पंथाचं. पणजोबा बैलगाडीतून युटाहून आलेले. स्वतः काका शाळेत सुतारकाम शिकवायचे, आणि चर्चमध्ये पडेल ते काम करायचे. मॉर्मनांत पगारी पुजारी नसतो. गल्लीतलाच कुणीतरी काही वर्षं बिशप होतो आणि मग पुन्हा आपल्या दुकानात जाऊन बसतो. आमच्या भागाचा बिशप हा दातांचा डॉक्टर होता. त्यामुळे काकांच्या आत्म्याची आणि दाढांची काळजी एकाच माणसाकडे होती.

आम्ही यायच्या आदल्या वर्षी त्यांची बायको लोरेन गेली. पाच मुलं, त्यातलं शेंडेफळ केटी तेव्हा शाळेत होती. मॉर्मनांचा विश्वास असा की टेंपलमध्ये लागलेलं लग्न मरणानंतरही मोडत नाही, नवरा-बायको, मुलंबाळं सगळी पुढेही एकत्रच असतात. लोरेनच्या अंत्यविधीला जो आला तो काकांचा हात धरून एकच म्हणाला, "ती तुला भेटणार, वेंडेल. मला माहीत आहे."

"दोनशे माणसं होती, श्री," काकांनी मला नंतर सांगितलं. मला श्रीपाद म्हणणं त्यांना जमत असूनही ते श्री म्हणत. "दोनशेही जणांना माहीत होतं. मी विचार केला, मग मलाच कसं माहीत नाही? बायको तर माझी होती."

त्या चर्चमध्ये दर महिन्याला लोक उभे राहून आपला विश्वास सांगतात, आणि तिथे "मला वाटतं" चालत नाही, "मला माहीत आहे" म्हणायचं असतं. काकांनी त्यानंतरच्या महिन्यात उभं राहून सांगितलं, "मला माहीत नाही. मला आशा आहे." मग खाली बसले आणि पुढच्या रविवारपासून गेले नाहीत. कुणी हाकललं नाही, कुणी भांडलं नाही. त्या तिघी बायका त्यांना अजूनही पाव आणून द्यायच्या.

पण साठ वर्षांचं चर्च असं एका रविवारात सुटतं थोडंच? काकांनी बसून एकेक गोष्ट तपासायला घेतली, सुतार जुनी खुर्ची तपासतो तशी. हा पाय पक्का आहे, राहू दे. हा हलतोय, काढ. रोजची प्रार्थना ठेवली, पण तिची सुरुवात बदलली. पूर्वी "हे स्वर्गातल्या पित्या" म्हणायचे, आता हातांची छातीशी घडी घालून, डोळे मिटून म्हणायचे, "ऐकत असशील तर..." आणि शेवटी 'आमेन'च्या जागी, "एवढंच."

मधला मजकूर एका वाक्याच्या वर कधी गेला नाही. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला बसले तेव्हा म्हणाले, "ऐकत असशील तर, ही वांगी फार छान झाली आहेत. एवढंच." मेधा पानात पाहत हसत राहिली.

आता येतो चहा. मॉर्मनांना चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळं वर्ज्य. काकांनी चर्च सोडल्यावर गल्लीला वाटलं हा आता थेट बारमध्ये दिसणार. काकांनी दोन वर्षं विचार केला आणि ठरवलं की एका वेळी एकच गोष्ट तपासायची. पहिला नंबर चहाचा. "तुम्ही लोक चहा गांभीर्याने घेता," ते म्हणाले. "म्हणून म्हटलं, इथेच."

मेधाने आलं किसलं, वेलची कुटली. काका सोफ्याच्या कडेवर ताठ बसून होते. कप हातात घेतला, वास घेतला. आम्ही दोघं श्वास रोखून. एक घोट. दुसरा. मग डोळे मिटून ते म्हणाले, "ऐकत असशील तर, यात इतकं वाईट काय होतं? एवढंच."

दोन कप घेतले. ज्या शरीरात साठ वर्षं चहाचा थेंब गेला नव्हता त्यात मेधाच्या हातचा दोन कप कडक चहा! दिवस मावळायच्या आत त्यांनी स्वतःची झुडपं छाटली, आमची छाटली, आमच्या फाटकाची बिजागरी बदलली आणि ते समोरच्यांच्या झुडपांकडे बघत उभे राहिले. मी अक्षरशः हाताला धरून घरी नेलं. नंतर त्यांनी नियम करून टाकला: महिन्यातून एक कप, पहिल्या रविवारी.

पहिला रविवार का, तर तो त्यांच्या उपासाचा दिवस. मॉर्मन लोक महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन जेवणं सोडतात, पाणीही पीत नाहीत, आणि वाचलेलं गरिबाला देतात. काकांनी हा पाय पक्का ठरवून ठेवला होता. फक्त आता ते दोन्ही जेवणं घरी रांधायचे, डब्यात भरायचे आणि गावाबाहेर एकटाच राहणाऱ्या एका म्हाताऱ्या सुताराला नेऊन द्यायचे. संध्याकाळी उपास सुटायचा तो आमच्याकडच्या चहावर. म्हणजे चर्चने सांगितलेला उपास चर्चने मना केलेल्या चहाने सोडायचा. हे सांगताना त्यांचा चेहरा चोरून पेरू खाल्लेल्या पोरासारखा व्हायचा.

२००३ साली सांगलीहून माझी आई आली. आणि मंडळी, खरा खेळ तिथे सुरू झाला.

आईला इंग्रजी येत नव्हतं, काकांना मराठी. मी मध्ये दुभाषी. आईने पहिल्याच आठवड्यात त्यांना 'वेंडेलराव' करून टाकलं. एका रविवारी योगायोगाने तिची संकष्टी आणि त्यांचा उपास एकाच दिवशी आला. काका भिंतीपाशी उभे, ओठ कोरडे. आई समोर साबुदाण्याची खिचडी खातेय, वर दाण्याचं कूट, बाजूला बटाट्याची भाजी, वाटीत दही.

"तुझी आई आज उपास करणार होती ना?" काकांनी मला हळूच विचारलं.

"करतेय की."

काका ताटाकडे बघत राहिले. "हे... उपासात चालतं?"

मी भाषांतर केलं. आई म्हणाली, "चालतं म्हणजे? हेच चालतं! त्यांनी काय खाल्लं?"

"काही नाही. पाणीसुद्धा नाही."

"अगंबाई! निर्जळी? या वयात? सांग त्यांना, आपण उपास धरलाय एवढं देवाला कळलं की झालं. जीव नाही काढायचा."

मी सांगितलं. वेंडेलकाका इतके हसले की भिंतीला टेकले. "हा धर्म कोण चालवतं, श्री? मला आधी का नाही भेटले?" पण खिचडी त्यांनी संध्याकाळपर्यंत तशीच झाकून ठेवली. उपास म्हणजे उपास.

मग त्यांनी आईला आपलं गॅरेज दाखवलं. मॉर्मन घरांत वर्षभराचं धान्य साठवायची पद्धत असते, संकट आलं तर म्हणून. काकांच्या गॅरेजमध्ये गाडीला जागा नव्हती. भिंतभर पत्र्याचे डबे, हवाबंद, प्रत्येकावर लोरेनच्या अक्षरात नाव: गहू, राजमा, ओट, मीठ. आई चपला बाहेर काढून आत गेली. मी म्हटलं, अगं गॅरेज आहे. म्हणाली, "धान्य आहे ना?"

काकांनी बारा वर्षांपूर्वीचा गव्हाचा डबा फोडला. आईने मूठभर गहू तळव्यावर घेतले, फुंकर मारली, एक दाणा चावला. "एक कीड नाही," ती म्हणाली. तिचा आवाज ऐकून मला वाटलं ती आता नमस्कार करते. त्यांच्याकडे हाताने फिरवायची छोटी चक्कीही होती. आईने त्या गव्हाच्या पोळ्या केल्या. पहिला घास घेताना काकांनी हातांची घडी घातली. "ऐकत असशील तर, हे लोरेनचे गहू आहेत. एवढंच." मी त्या दिवशी भाषांतर केलं नाही. आईने विचारलंही नाही.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला काका दर वर्षी यायचे, मखर ठोकायला. नागपूरचा प्रशांत एकदा म्हणाला, "काका, यू आर ऑलमोस्ट हिंदू यार! फॉर्म भरून टाका आता."

काका तोंडातला खिळा काढून म्हणाले, "बाळ, माणूस एका घरातून निघाला की लगेच दुसरं घर घेत नाही. थोडे दिवस अंगणात झोपतो. मला सध्या चांदण्या बऱ्या दिसतायत."

अशी मजेत चार वर्षं गेली. मग केटीचं लग्न ठरलं.

केटी म्हणजे त्यांचा जीव. युटाला शिकायला गेली आणि तिथलाच एक सज्जन, लाजरा मुलगा घेऊन आली. लग्न शेजारच्या गावातल्या टेंपलमध्ये, तिच्या आई-बाबांचं लागलं होतं तिथेच. आणि इथे अडलं. मॉर्मनांचं चर्च सगळ्यांना उघडं असतं, पण टेंपलमध्ये फक्त पास असलेल्यांनाच जाता येतं. पास मिळवायचा तर बिशपसमोर बसून काही प्रश्नांना हो म्हणावं लागतं. देवावर विश्वास आहे का, हे चर्च खरं आहे असं मानतोस का, असे. पास नसलेला मुलीचा बाप असला तरी बाहेर.

मी त्या संध्याकाळी आमच्या अंगणात ग्रेपफ्रूट तोडत होतो. भिंतीपलीकडून केटीचा आवाज आला. "डॅड, एकदाच हो म्हणायचंय. फक्त त्या दिवसापुरतं. आई नाहीये आत. तुम्हीपण नसणार?"

काका काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. मी फळं तशीच टाकून आत गेलो.

ते बिशपकडे गेले. टाय बांधून. तासाभराने परत आले आणि भिंतीपाशी उभे राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"पहिल्याच प्रश्नाला अडकलो. तो म्हणाला, वेंडेल, विश्वास आहे ना तुझा? मी म्हटलं, आशा आहे. तो म्हणाला, आणखी थोडा विचार कर. मी परत तेच म्हटलं. मग तो रडला." काकांनी हॅट काढून भिंतीवर ठेवली. "चांगला माणूस आहे. जाताना म्हणाला, गुरुवारी दात साफ करायला ये."

"हो म्हणायचं होतं काका. मुलीसाठी."

"पाच मुलांना मी एकच गोष्ट शिकवली, श्री, खोटं बोलायचं नाही. आता तिच्या लग्नात पहिलं खोटं मीच बोलू?"

केटी सहा आठवडे त्यांच्याशी बोलली नाही. त्या काळातल्या पहिल्या रविवारी त्यांनी उपास सोडलाच नाही. चहा समोर निवून गेला.

लग्न मार्चमधल्या एका शनिवारी होतं. आदल्या दिवशी काका दारात आले. "श्री, तुलाही आत जाता येत नाही ना?"

"नाही."

"मग चल माझ्याबरोबर. बाहेर बसायला सोबत हवी."

आई तेव्हा दुसऱ्यांदा आली होती. तिने सगळं ऐकलं, समजून घेतलं आणि कपाटातून नऊवारी काढली. "लेकीचं लग्न आणि बाप एकटा बाहेर? मी येते."

तर असे आम्ही तिघं त्या टेंपलच्या बागेत एका बाकावर. एक टायवाला, एक नऊवारीवाली, मध्ये मी. संत्र्याची झाडं फुललेली, वास असा की डोकं जड व्हावं. काकांची चार मोठी मुलं, सुना, जावई सगळे आमच्यासमोरून आत गेले. प्रत्येकाने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. केटी मागच्या दाराने गेली, ती दिसली नाही. मग दार बंद झालं.

काका गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. सुताराचे ते एवढाले हात, त्यांना काही करायला नव्हतं.

आईने मला कोपराने ढोसलं. "त्यांना विचार, मुलीची आई नाही ना?"

"आई, माहीत आहे ना तुला. गेली."

"विचार म्हणते ना!"

मी विचारलं. काकांनी मान हलवली.

"मग आता मुलीची आई कोण? हेच ना?" आई आता थेट त्यांच्याकडे बघून मराठीत बोलायला लागली, मी मागून धावतोय. "आमच्याकडे मंगलाष्टकं चालू असतात तेव्हा मुलीची आई मांडवात नसते. ती बाहेर असते. तुळशीला पाणी घालत उभी असते. आत लग्न लागतं आणि बाहेर आई पाणी घालते. माझ्या लेकीच्या, शैलाच्या लग्नात मी हेच केलं. अंतरपाट दूर झालेला मी पाहिला नाही."

काका माझ्याकडे वळले. "म्हणजे बाहेर थांबणं... हे काम आहे?"

"काम म्हणजे?" आई म्हणाली. "त्याशिवाय लग्न लागतच नाही."

हे शेवटचं शास्त्र आईने तिथल्या तिथे रचलं होतं. पुष्कळ घरांत हा रिवाज नसतो आणि तिथली लग्नंही व्यवस्थित लागतात. पण मी शब्दन्‌शब्द भाषांतर केलं. मलाही तेव्हा ते खरंच वाटलं.

आईने पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि त्यांच्यासमोर धरली. "इथे तुळस कुठली? हे संत्रं चालेल."

वेंडेलकाका उठले. हॅट काढून माझ्या हातात दिली. झाडाशी गेले, बाटली तिरपी केली आणि बारीक धारेने पाणी सोडायला लागले.

"ऐकत असशील तर," ते म्हणाले.

पाणी पडत राहिलं. आम्ही पुढच्या वाक्याची वाट पाहिली. बाटली अर्धी झाली, पाव झाली, संपली. थेंबही थांबले.

"एवढंच," ते म्हणाले.

थोड्या वेळाने दार उघडलं. पांढऱ्या झग्यातली केटी बाहेर आली, फोटोवाला तिला पायऱ्यांवर उभं करत होता, तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. झगा उचलून ती सरळ बाकाकडे आली आणि वडिलांसमोर उभी राहिली. तिने खाली पाहिलं.

"डॅड, तुमचे बूट ओले कसे झाले?"

"कामात होतो," काका म्हणाले.

मग ती त्यांच्या गळ्यात पडली, आणि आईने पिशवीतून अक्षता काढून दोघांच्या डोक्यावर टाकल्या. नवरदेव लांबून घाबरून बघत होता. आईने त्यालाही सोडलं नाही.

परत जाण्याआधी आईने गव्हाच्या एका रिकाम्या डब्याला बुडाशी भोकं पाडून घेतली, त्यात तुळस लावली आणि तो डबा भिंतीवर ठेवला. लोरेनच्या अक्षरातलं 'गहू' तसंच होतं. चँडलरच्या उन्हात तुळस जगेल असं मला वाटलं नव्हतं. काकांनी तिच्यासाठी लाकडाचं छोटं छप्पर केलं. हिवाळ्यात ते तिला चादर पांघरायचे.

२००८ साली माझी बदली पूर्व किनाऱ्याला झाली. निघालो तो पहिला रविवार होता, हे आम्हाला गाडीत सामान भरताना लक्षात आलं. काका सकाळी येऊन भेटून गेले होते, गव्हाचा एक डबा मागच्या सीटवर ठेवून. मेधा म्हणाली, "संध्याकाळचा चहा कोण देणार तुम्हाला?" ते म्हणाले, "केटी शिकलीय करायला. पीत नाही, पण करते."

मी गाडी गल्लीच्या तोंडाशी वळवली तेव्हा बाजूच्या फाटकातून त्यांचं अंगण दिसलं. केटी पायरीवर बसली होती, मांडीवर तिची दोन महिन्यांची मुलगी. काका भिंतीशी पाठमोरे, एका हातात हॅट, दुसऱ्या हातात झारी. तोंड बाजूला वळलं तसे ओठ हलताना दिसले.

मी गाडी थांबवली. काच वर होती, ऐकू काहीच येत नव्हतं. झारीचं पाणी केव्हाच संपलं होतं. मागून कुणीतरी हॉर्न दिला, मला निघावं लागलं. आरशात पाहिलं तेव्हाही काका बोलतच होते.

'एवढंच' अजून आलं नव्हतं.